आवक वहीतला निळा गोल

थोरलीला धाकटी डोळ्यासमोर नको होती, आणि नेमकी तीच दिवसाचे दहा तास डोळ्यासमोर असे. घरी समोरासमोरची दारं आणि ऑफिसात मध्ये फक्त काच. दोन सख्ख्या जावा एकाच बांधकाम कंपनीत, तेही एकाच कंत्राट विभागात, हे ऐकून लोक म्हणत, किती छान, एकमेकींना सोबत. लोकांचं काय जातं म्हणायला. जळतं त्यालाच कळतं.

थोरली या धंद्यात आली ती पत्र्याच्या शेडमधून. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याचा पाय मोडला, तो खाटेला खिळला आणि गल्लीच्या टोकाला चाललेल्या इमारतीच्या कामावर टायपिंगला माणूस हवा होता. येतं का टायपिंग, विचारल्यावर ती बेधडक येतं म्हणाली आणि पुढच्या आठ दिवसांत क्लासला जाऊन शिकली. शेडमध्ये एक टेबल, एक डुगडुगणारा पंखा आणि सगळीकडे सिमेंटचा थर. तिथे बसून तिने कंत्राटं टाइप केली. चूक झाली की पान पुन्हा, पुन्हा चूक की पुन्हा. एकेक कलम सात-सात वेळा बोटांखालून गेलं. पाठ केलेलं माणूस विसरतो, पण हिची बोटं काही विसरली नाहीत.

आणि नुसतं टाइप करून गप्प बसेल तर ती थोरली कसली. जेवणाच्या सुट्टीत मुकादमाला विचारायची, पाया खणून झाल्यावर नकाशा बदलला तर काय होतं हो? मुकादम सांगायचा, काय होणार, बांधलेली सळई कापायची, भरलेलं पुन्हा खणायचं, महिना गेला. मग ती जाऊन ते कलम पुन्हा वाचायची आणि तिच्या डोक्यात कागद आणि खड्डा एकमेकांना जोडले जायचे. असं करत करत टायपिंगवरून ती आवक-जावक टेबलावर आली, तिथून पत्रांचे मसुदे लिहू लागली. एकदा आर्किटेक्टचा माणूस आणि कंपनीचा इंजिनियर एका पत्राच्या तारखेवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा ही कोपऱ्यातून म्हणाली, "ते पत्र मंगळवारी आलंय, जेवणाच्या सुट्टीनंतर. शिक्का बघा." शिक्का बघितला तर मंगळवारच. त्या दिवशी तिथे कंत्राट विभागाचे मोठे साहेब आले होते. त्यांनी तिला मुख्य ऑफिसात उचलून नेलं.

साहेब स्वतः गवंड्यांवर देखरेख करत करत वर आलेले. ते म्हणायचे, "या विभागात यायला तीन दारं आहेत. एक साइटचं, माझ्यासारखं, सिमेंट खात यायचं. दुसरं मोजमापवाल्यांचं, टेप घेऊन. तिसरं वकिलीचं. बाई, तुम्ही तर खिडकीतून आलात." सगळे हसायचे, थोरलीही हसायची. मनातून मात्र तिला ते वाक्य मेडलसारखं वाटायचं.

गेली आठ वर्षं ती सहायक कंत्राट अधिकारी होती. पद वाढलं तरी आवक वही तिने कुणाच्या हाती दिली नाही. जावक एका कारकुनाकडे गेली, आवक हिच्याकडेच. त्याला कारण होतं. बांधकामाच्या कंत्राटात मुदतीचा एक काटा असतो. समोरच्याने काही बदल केला आणि त्यामुळे काम लांबणार असेल, तर पत्र हाती आल्यापासून अठ्ठावीस दिवसांत तसं लेखी कळवायचं. एकोणतिसाव्या दिवशी तुम्ही कितीही खरे असा, वाढीव मुदत गेली आणि उशिराचं खापर आपल्या डोक्यावर. म्हणून रोज सकाळी आलेलं प्रत्येक पत्र थोरली वाचायची आणि ज्यात असा काटा दडलेला असेल, त्याच्या नोंदीपुढे समासात निळ्या पेन्सिलीने शेवटची तारीख लिहून भोवती गोल काढायची. तिचा गोल वरच्या बाजूला जरा उघडा राहायचा. विभागातले सगळे, अगदी साहेबसुद्धा, सकाळी चहाआधी निळे गोल बघून जात. ज्या पत्रापुढे गोल नाही, ते फायलीत झोपायला मोकळं.

आता धाकटी. धाकट्या दिराची बायको, वकिलीची पदवी घेतलेली, कोर्टात दोन वर्षं नुसती कुणाच्या तरी मागे फायली धरून उभी राहिलेली. घरी येऊन रडायची. थोरलीचं काळीज विरघळलं आणि हिनेच साहेबांकडे शब्द टाकला. दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

कारण धाकटी आली ती तिसऱ्या दारातून, तोऱ्यात नव्हे, पण दारातून. शिपाई थोरलीला इतकी वर्षं "बाई" म्हणत होता, धाकटीला तो पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणाला. चार वर्षांत तिला काचेची केबिन मिळाली. बैठकीत ग्राहकाच्या वकिलासमोर ती इंग्रजीत तीन वाक्यं बोलली की समोरचा चष्मा काढून पुसायचा. तीच गोष्ट थोरलीने आदल्या दिवशी चहाच्या टेबलावर तिला मराठीत समजावून सांगितलेली असायची. धाकटी नंतर म्हणायचीही, "ताई, तुमच्यामुळे सुचलं." ते तर आणखीच झोंबायचं. चोरून नेलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आणि दिसायलाही मेली अशी की दिवसभर काम करून साडीची निरी जागच्या जागी. थोरलीची तर दुपारपर्यंत शाईच्या बोटांनी भरलेली असायची. सासूबाई थोरलीकडे राहायच्या, थोरलीच्या हातचं जेवायच्या, आणि शेजारणीला सांगायच्या, "आमची धाकटी कंत्राटाची वकील आहे." थोरली काय आहे, ते शेजारीण विचारत नसे आणि सासूबाई सांगत नसत.

मग साहेबांनी जाहीर केलं की दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार आणि विभागप्रमुख आतूनच नेमायचा. नाव ते सुचवणार, मालक सही करणार. सगळ्यांच्या नजरा काचेच्या केबिनकडे गेल्या. कॅन्टीनवाला थोरलीपुढे चहा ठेवत म्हणाला, "बाई, घरातच येणार म्हणा खुर्ची." तिने साखर जास्त झाली म्हणून चहा परत पाठवला.

ती खुर्ची थोरलीला हवी होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, पण हवी होती, भुकेसारखी हवी होती. तिची नोकरी आणखी सहा वर्षं होती. ही संधी गेली की उरलेली सहा वर्षं धाकट्या जावेच्या हाताखाली, "मॅडम, सही" म्हणत काढायची. घरी ती जाऊ तिला ताई म्हणून वाकून नमस्कार करणार आणि ऑफिसात ही तिच्यापुढे फाइल धरून उभी राहणार. 

त्याच आठवड्यात ते पत्र आलं. कंपनी एक इस्पितळ बांधत होती आणि ते काम धाकटीच्या ताब्यात होतं. पत्र दोन ओळींचं होतं: सुधारित नकाशे माहितीसाठी जोडले आहेत. सोबत गुंडाळी. कुणीही म्हणावं, काही विशेष नाही. पण थोरलीने सवयीने गुंडाळी उलगडली, जुन्या नकाशावर ठेवली आणि तिला दिसलं की तळघरातला लिफ्टचा खड्डा हातभर डावीकडे सरकलाय. हातभर. शेडमधला मुकादम तिच्या कानात बोलला: बांधलेली सळई कापायची, भरलेलं पुन्हा खणायचं. दीड-दोन महिने गेले. पदवीच्या पुस्तकात नकाशावर नकाशा ठेवायला शिकवत नाहीत. धाकटीला हे दिसणार नव्हतं. तिला दिसणार होता तो फक्त निळा गोल.

थोरलीच्या हाताने गोल काढला. अक्षरशः हाताने, तिला न विचारता. तारीख लिहिली, भोवती पेन्सिल फिरवली. मग तिने काचेकडे पाहिलं. धाकटी फोनवर काहीतरी हसत बोलत होती आणि मोठे साहेब तिच्या दारात उभे राहून कौतुकाने बघत होते.

थोरलीने खण उघडला, खोडरबर घेतलं आणि गोल पुसला. निळी पेन्सिल सहजी जात नाही. तिने इतकं घासलं की कागद तिथे पातळ झाला. समास स्वच्छ दिसू लागल्यावर तिने फुंकर मारली, वही मिटली, आणि बाकीची पत्रं नेहमीसारखी नीट लावली. कुणी विचारलं तर म्हणायचं, नजरचुकीने राहिलं. बावीस वर्षांत एकदा माणसाची नजर चुकू शकते. आणि पत्र होतं कुणाच्या कामाचं? मॅडमच्या. मॅडमना स्वतःचं पत्र वाचता येत नाही का?

खाई त्याला खवखवे. पहिले चार दिवस तिला कुणी नुसती हाक मारली तरी दचकायला व्हायचं. पाचव्या दिवशी वही साहेबांनी मागवून घेतली, जाण्यापूर्वी सगळं नजरेखालून घालायचंय म्हणाले, आणि तिला सुट्या कागदावर नोंदी करायला सांगितल्या. तिला उलट बरं वाटलं. ते पान डोळ्यासमोरून गेलं.

पण दिवस काही डोक्यातून गेले नाहीत. बसमध्ये शेजारी बसून धाकटी विचारायची, "ताई, भाजी काय करताय आज?" आणि थोरली मनात म्हणायची, तेरा. "ताई, आईंच्या गोळ्या संपल्यात का?" अठरा. एकदा धाकटीने स्वतःहून तिच्या खांद्यावरची जड पिशवी काढून घेतली. बावीस. थोरलीला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तेवढ्यात घरी पोचल्या आणि सासूबाईंनी दार उघडून विचारलं, "काय गं धाकटे, कधी होणार तू साहेबीण?" थोरलीच्या हातात अजून तीन पिशव्या होत्या, त्या कुणी घेतल्या नाहीत. ती सांगायची राहिली.

सत्ताविसाव्या रात्री तिला झोप लागली नाही. खोटं कशाला बोला, पश्चात्तापानेच नव्हे. अर्धी भीती होती आणि अर्धी, सांगायलाही लाज वाटते, उत्सुकता.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी ती जावक कारकुनाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. कशासाठी, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. इस्पितळाचं काही गेलं का, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. कारकुनाने पानं उलटली. "कुठलं, बाई? ते लिफ्टच्या खड्ड्याचं? ते कधीच गेलं की. नवव्या तारखेला. पोचही आलीय." त्याने पोच दाखवली. खाली धाकटीची सही होती.

नवव्या तारखेला, म्हणजे पत्र आल्यावर आठव्या दिवशी.  सुटले, असं थोरलीला वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं, हिला कळलं कसं? काहीच कसं हिचं चुकत नाही?

तेवढ्यात शिपाई आला. साहेबांनी बोलावलंय, मॅडमही तिथेच आहेत.

साहेबांच्या टेबलावर आवक वही उघडी होती. धाकटी खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन बसली होती. साहेब म्हणाले, "बाई, बसा. मी गेल्या चार वर्षांची वही पान-पान पाहिली. चारशे अकरा पत्रांना काटा होता. चारशे अकराच्या चारशे अकरा गोल. एकही सुटलेला नाही. हे बघा, हे अलीकडचं, इस्पितळाचं. पत्रात काही लिहिलेलं नाही, नुसता नकाशा. माझ्याही लक्षात आलं नसतं. तुम्ही गोल काढलात म्हणून मॅडमनी वेळेत कळवलं, त्या स्वतःच सांगत होत्या. भांडायला वकील मिळतो. पण कुठे भांडायचं हे ज्याला दिसतं, तो माणूस मिळत नाही. मी तुमचं नाव दिलंय. मालकांची सही झाली."

थोरली पानाकडे बघत होती. समासात तारीख होती. तिच्याच तारखेच्या खळग्यातून, तिने घासून पातळ केलेल्या कागदावर, कुणीतरी पुन्हा निळी पेन्सिल फिरवली होती. रेघ जिथल्या तिथे बसवलेली. फक्त गोल वरच्या बाजूला पूर्ण मिटला होता.

तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "अभिनंदन, ताई," आणि फाइलीचं पान उलटलं.

साहेबांपुढे थोरलीने खरं सांगायला हवं होतं. ती वही मिटून बाहेर आली. विभागात पेढे नाहीत तर निदान चहा तरी, असा गलका झाला, कॅन्टीनवाल्याने या वेळी साखर बेताची घातली, आणि शिपाई पहिल्यांदाच तिला "मॅडम" म्हणाला. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो कानावर आला तेव्हा तिला तो ऐकवेना.

संध्याकाळी दोघी बस थांब्यावरच्या बाकावर बसल्या. ऊन अजून होतं. एक बस आली, भरलेली होती, सोडून दिली. दुसरी रिकामी आली, तीही दोघींपैकी कुणी पकडली नाही.

"मी विसरले नव्हते," थोरली म्हणाली.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "विसरलेला माणूस रबराने घासत नाही. पान उजेडात धरलं तर तारीख दिसत होती."

"मग साहेबांना का नाही दाखवलंस?"

"दाखवणार होते." धाकटीने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्या पानाची झेरॉक्स होती, गोल नसलेल्या पानाची. घडीच्या रेषेवर कागद फाटायला आला होता. "तीन दिवस पिशवीत घेऊन फिरले. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन आले. मला काय खुर्ची नको होती, ताई? मलाही हवी होती. तुम्हाला वाटतं, तुम्हीच एकट्या जळता. साइटवर गेलं की मुकादम मला बघून सिगारेट विझवतात आणि गप्प होतात. तुम्हाला बघून बोलायला लागतात. मी कितीही शिकले तरी मला तो खड्डा दिसत नाही. तुमच्या गोलाशिवाय मी आंधळी आहे. ते कळलं तेव्हा इतका राग आला तुमचा की बस्स."

 आपला हेवा कुणी करेल, तेही हिने करावं, हे थोरलीच्या गावीही नव्हतं.

"मग चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिवशी पेन्सिल घेतली. वही साहेबांकडे जाणार होती. ती मोकळी जागा साहेबांना दिसली असती तर तुमची बावीस वर्षं गेली असती. आणि मला शब्द कुणी टाकला होता ते आठवलं." मग धाकटीने विचारलं, "एक विचारू? आज शेवटचा दिवस होता. मी कळवलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतंत ना मला?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर धाकटीने मानलंही असतं. थोरलीने पदराने तोंड पुसलं. "जावकेच्या टेबलापर्यंत गेले होते दुपारी," ती म्हणाली. "पुढे काय केलं असतं, मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

 धाकटीने ती झेरॉक्स पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली. फाडली नाही. थोरलीने ते पाहिलं, आणि फाड म्हणायचा आपल्याला हक्क नाही हेही तिला कळलं. तिसरी बस आली तेव्हा दोघी चढल्या आणि शेजारी शेजारी बसल्या. दोघींच्या पिशव्या आपापल्या मांडीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला थोरलीने साहेबांचं घर गाठलं आणि दारातच सगळं सांगितलं, रबरासकट. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चहा निवला. शेवटी म्हणाले, "चारशे दहा गोल तुमचे आहेत, बाई. नाव मी मागे घेत नाही. पण आज मला हे सांगायला नको होतं, असं मी म्हणणार नाही." ते दारापर्यंत सोडायला आले नाहीत. एरवी येत असत.

खुर्चीत बसल्यावर विभागप्रमुखांचा पहिला आदेश निघाला: यापुढे आवक वही दोघींनी वाचायची, आणि प्रत्येक मुदतीपुढे दोन गोल हवेत, एक निळा, एक लाल, दोन वेगळ्या हातांचे. एकीचा नसेल तर दुसरीने विचारायचं. मालकांनी वाहवा केली. दुसऱ्या कंपनीचे लोक येऊन पद्धत बघून गेले. कुणीतरी थोरलीला विचारलं, बाई, हे सुचलं कसं? ती म्हणाली, अनुभवातून.

हेवा गेला का? छे. धाकटी अजून इंग्रजीत तीन वाक्यं बोलते आणि समोरचा चष्मा पुसतो, तेव्हा थोरलीला झोंबतंच. धाकटीलाही झोंबत असणार, थोरली साइटवरून हसत परतते तेव्हा. सकाळी वही उघडली की थोरली आधी निळा गोल काढते, वरून जरासा उघडा, आणि वही काचेखालच्या फटीतून पलीकडे सरकवते. धाकटी लाल पेन्सिल घेते. थोरली मान खाली घालून दुसरं पत्र वाचत असते, पण तिचा एक कान तिकडे असतो, पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज येईपर्यंत.